हाताची ऊब

मी नऊ वर्षांची असताना माझे वडील घर सोडून गेले. तीस वर्षांनी कुणीतरी त्यांना ओळखून कुरखेड्याच्या बसस्टँडवरून आमच्या गावी आणून सोडलं, तेव्हा त्यांना माझं नावही आठवत नव्हतं. मी त्यांना ठेवून घेतलं, पण लोकलाजेने. जेवायला वाढत होते, हाक मात्र मारत नव्हते. रविवारी चर्चमध्ये उपासनेत सगळे देवाला ‘बापा’ म्हणत, तेव्हा माझे ओठ मिटून जात. ज्या शब्दाने मला एवढं दुखवलं, तो देवाला कसा लावायचा?

गेल्या जानेवारीत एका सकाळी त्यांची खाट रिकामी दिसली. लिहायला लाज वाटते, पण मी आधी चहा संपवला. वाटलं, पुन्हा गेले तर गेले. मग अंगणात आले आणि दवात उमटलेली अनवाणी पावलं जंगलाकडे गेलेली पाहिली.

शेजारचे रामाजीभाऊ म्हणाले, “एकटी नको जाऊ बाई. नाल्याकडे वाघ फिरून राह्यला. मी माणसं घेऊन येतो.” मी थांबले नाही.

सागाच्या रानात धुकं इतकं दाट होतं की दहा पावलांपुढचं दिसेना. पानांवरून दव टपकत होतं, तेवढाच आवाज. एक वानर खेकसलं आणि सगळं गप्प झालं. गाव कुठल्या दिशेला, तेही कळेना. तेवढ्यात मागून, अगदी कानाशी, कुणीतरी शांतपणे म्हणालं, “बापाले हाक मार.”

मी वळून पाहिलं. कुणी नव्हतं. तो आवाज भाऊंचा नव्हता.

“बापा,” मी कशीबशी म्हणाले आणि त्याच श्वासात ओरडले, “बाबा!” पहिली हाक देवाला होती की त्यांना, मला आजही सांगता येत नाही. जवळूनच उत्तर आलं, “इथी आहो मी.”

ते नाल्याकाठी दगडावर बसले होते. ओल्या रेतीत वाघाची ताजी पावलं होती, त्यांत अजून पाणी झिरपत होतं. ती बाबांपासून चार हातांवर येऊन परत फिरली होती. मी त्यांचे हात धरले. उजवा बर्फासारखा गार, डावा नुकताच पांघरुणातून काढल्यासारखा गरम.

“हा माणूस हात धरून बसला ना,” ते डावीकडे बघत म्हणाले. “म्हणे, पोरगी येऊन राह्यली, उठू नको.”

तिथे कुणी नव्हतं; पण दवाने भिजलेल्या दगडावर त्यांच्या डावीकडची, एका माणसापुरती जागा कोरडी होती.

माणसं घेऊन आलेल्या भाऊंनी पावलं पाहिली आणि हात जोडले.

मी याचा अर्थ लावत बसत नाही. वडिलांच्या मापाने मी देवाला मोजत आले, एवढं मात्र कळलं. बाबांना पूर्ण माफ केलं, असंही म्हणवत नाही. ते माझ्याने होणारं नाही; म्हणून रोज सकाळी देवाच्या हाती देते, आणि रोज थोडं होतं.

परवा जेवताना त्यांनी विचारलं, “तू कोणाची पोरगी वं?”

“तुमचीच, बाबा.”

“बरं झालं,” ते म्हणाले आणि भात कालवू लागले. मी मनोमन देवाचे आभार मानले आणि त्यांच्या ताटात आणखी वरण वाढलं.