दोन चाकांमधली रांगोळी

पद्मनाभ रावांनी गाडी विकायला काढली होती, आणि जो कुणी ती घ्यायला येई त्याला ते हाकलून देत होते. आता याला विकणं म्हणायचं की लोकांचा छळ, ते तुम्हीच ठरवा. गाडी म्हणजे जुनी मारुती आठशे, पिस्त्याच्या रंगाची, अंगानं एवढीशी. पण ती पेट्रोलच्या नुसत्या वासावर धावते अशी तिची ख्याती तिरुवल्लिकेणीच्या अख्ख्या तमिळ पेठेत पसरली होती. साल दोन हजार आठ. पेट्रोल असं भडकलेलं, की मोठ्या गाडीवाले सिग्नलला उभे राहून उसासे टाकत. त्यामुळे गिऱ्हाइकांना तोटा नव्हता.

रेवाला हा पत्ता शहरातल्या महाराष्ट्र मंडळात मिळाला. ती पुण्याची, शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. तिचा नवरा यश ओरगडमच्या कारखान्यात नव्या गाड्या बनवायचा, आणि बायको जुनी गाडी बघायला निघालेली पाहून त्यानं कपाळावर हात मारला होता. "सुताराच्या घरी मोडकी खुर्ची आणतेस होय," असं म्हणाला, आणि आलाच नाही. बरंच झालं.

राव रेल्वेतून निवृत्त झालेले. घराणं तंजावरचं, मराठी जुन्या वळणाची आणि तमिळच्या चालीवर डुलणारी. त्यांनी रेवाला चहा विचारला नाही, पाणी विचारलं नाही. रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीची किल्ली हातात दिली आणि म्हणाले, "आमच्या गल्लीत ने. उलटी. घराच्या दाराशी."

रेवानं गल्लीच्या तोंडाशी उभं राहून अंदाज घेतला. एका बाजूला ओळीनं घरं, दुसऱ्या बाजूला मॅन्शनची, म्हणजे एकट्या पुरुषांनी भरलेल्या भाड्याच्या खोल्यांच्या इमारतीची, मागची भिंत. गाडी आत शिरली तर दोन्हीकडे वीतभर जागा उरेल, न उरेल. आत वळायला जागाच नाही, म्हणून जायचं ते मागं मागं. आणि प्रत्येक दारापुढे, गल्लीच्या मधोमध, सकाळी तांदळाच्या पिठानं काढलेलं कोलम.

रेवा गाडी सुरू करून बसली, मागं बघितलं, आणि इंजिन बंद करून खाली उतरली.

"काय झालं?" रावांनी विचारलं.

"काका, रांगोळी आहे हो. वरून कशी नेऊ?"

राव पहिल्यांदाच हसले. "सरी, ठीक आहे," म्हणाले. "आत ये, कॉफी घे."

झालं होतं असं, की आधीचे सगळे शूरवीर थेट रांगोळ्या तुडवत गेले होते. थांबली ती ही एकटी. गाडी तिला मिळाली ती एवढ्यावर. बाकी तिला उलटी गाडी धड चालवता येत नव्हती ते रावांनी नंतर पाहिलं आणि डोकं धरलं, तो भाग वेगळा.

पण आधी त्यांनी स्वतः ती आत नेऊन दाखवली. रेवाला शेजारी बसवलं, मान मागं वळवली, आणि ती पिस्त्याच्या रंगाची डबी पाण्यावर सोडलेल्या होडीसारखी मागं सरकत गेली. रेवा खिडकीतून वाकून पाहत होती. टायर रांगोळीच्या कडेनं जात होता. पहिल्या घराची रांगोळी टळली, दुसऱ्याची टळली, प्रत्येक घराची टळली. गाडी दाराशी थांबली तेव्हा पुढच्या काचेतून सगळी गल्ली दिसत होती आणि एक रेघ पुसली नव्हती. "काका, हे कसं काय?" रेवानं विचारलं.

उत्तर दिलं घरात, कॉफीच्या वेळी, सईबाईंनी. त्या रावांच्या पत्नी. मांडीचं हाड मोडल्यापासून त्यांचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नसे. ऑटोत चढणं जमत नव्हतं, मोठी टॅक्सी गल्लीत शिरत नव्हती. चाकाच्या खुर्चीचं नाव काढलं की त्या भडकत. "मिरवत न्यायला मी काय उत्सवमूर्ती आहे?" म्हणत. या गाडीची पुढची बैठक मात्र पार मागं सरकवली की पाय लांब करून बसता येई. म्हणून राव दर रविवारी पहाटे गाडी दाराशी आणत आणि बायकोला मरीनाच्या समुद्रकिनाऱ्यावर नेत. उगवता सूर्य बघून, डब्यातल्या इडल्या खाऊन दोघं परत.

"पहिल्या रविवारी यांनी सगळी कोलमं पुसली," सईबाई सांगू लागल्या. "मी लाजेनं मेले बघ. म्हटलं, लोकांच्या दारची लक्ष्मी तुडवून मला समुद्र नको. तर या गल्लीतल्या बायका आल्या दोरी घेऊन. दोन चाकांमधलं अंतर मोजलं. तेव्हापासून या गल्लीत कोलम दोरीच्या बाहेर जात नाही."

रेवानं पुन्हा बाहेर पाहिलं. खरंच की! इतर गल्ल्यांतली कोलमं गोल, ऐसपैस. इथली सगळी लांबट, एका मापाची, आणि दोन्ही बाजूंनी स्वच्छ झाडलेल्या दोन पट्ट्या. एवढ्याशा गाडीसाठी बायकांनी आपला हात आवरता घेतला होता, इतकी वर्षं, रोज.

रावांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. समोरचं दिसे, बाजूचं नाही. त्या दिवशी त्यांनी गाडी आत नेली ती सवयीनं. पुढं सवयीवर विसंबायची त्यांची हिंमत नव्हती. म्हणून त्यांची अट एकच होती: गाडी घेणाऱ्यानं रविवारी पहाटे यायचं आणि सईबाईंना समुद्रावर न्यायचं. रेवानं हो म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

आणि मग ती गेलीच नाही.

आळशी नव्हती हो, घाबरली होती. कंपनीच्या आवारात ती गाडी पुढं झकास चालवी, मागं घेताना घाम फुटे. आपल्या हातून त्या रांगोळ्या पुसल्या जातील, भिंतीला घासेल, सईबाई गाडीत असताना काही होईल. एका रविवारी सर्दी झाली, एका रविवारी पाहुणे आले. राव फोनवर "परवा इल्ले, चालेल" म्हणत. त्यांच्या त्या चालेलनं तिला जास्तच लाज वाटे.

मार्गळीचा महिना लागला. तमिळ मुलखात हा महिना कोलमांचा; बायका पहाटे उठून अंगण मढवतात. रेवा भेटायला म्हणून बसनं गेली आणि गल्लीच्या तोंडाशीच थबकली. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत कोलमं पसरली होती. कमळं, रथ, मोर, मधोमध शेणाच्या गोळ्यावर भोपळ्याचं पिवळं फूल. पाय ठेवायला जागा नव्हती. काय देखणं दिसत होतं! पण चाकांसाठीच्या त्या दोन पट्ट्या कुठंच नव्हत्या.

सईबाई खिडकीत बसून होत्या. "छान काढलीत ना?" त्या म्हणाल्या. "मीच सांगितलं त्यांना. बिचाऱ्यांनी किती वर्षं हात आखडायचा? आता गाडी कुठं येते!"

टोमणा असता तर परवडला असता. पण सईबाई खरंच खुशीनं बोलत होत्या, आणि त्यांनी समुद्र सोडून दिला होता. रेवाला रडू फुटलं. डोळे पुसून ती म्हणाली, "काकू, या रविवारी मी येते. शपथ."

"बघू," सईबाई म्हणाल्या.

नेमका त्याच आठवड्यात तेल कंपन्यांत संप झाला आणि शहरातले पंप कोरडे पडले. संप मिटला तरी रविवारपर्यंत पंपांवर मैलभर रांगा. यशची कारखान्यातून मिळालेली मोठी गाडी दाराशी मुकाट उभी होती. रेवाच्या मारुतीचा काटा लाल पट्टीला टेकला होता. "वेडी आहेस का? मध्य कैलासच्या चौकात बंद पडेल आणि ढकलत बसशील," यश म्हणाला. मग तिचं तोंड बघून बूट घालू लागला. "थांब, ढकलायला मी येतो."

पहाटेचा अंधार होता. रेवानं रावांचं ऐकलं होतं: पायाखाली अंडं आहे असं समजून दाबायचं, सिग्नलला इंजिन बंद, घाई नाही. काटा हलेना. अड्यार गेलं, सान्तोम गेलं, डावीकडच्या दुकानांच्या दिव्यांत रस्ता ओलसर चमकत होता. यश दर थोड्या वेळानं वाकून काट्याकडे बघत होता. समुद्राच्या वाऱ्याचा पहिला झोत आला तेव्हा तो हळूच म्हणाला, "अगं, ही खाते तरी काय?" ओरगडमचा इंजिनिअर, पण आवाज देवळात आल्यासारखा झाला होता.

पण रेवाला पेट्रोलची काळजी नव्हती. तिला गल्लीची होती. एवढ्या मोठ्या कोलमांवरून कशी नेणार? बायकांना कुणी सांगितलं असेल? सईबाई तर "बघू" म्हणाल्या होत्या.

गल्लीच्या तोंडाशी तिनं गाडी उलटी लावली आणि मागं वळून पाहिलं.

दारादारांत दिवे होते. बायका डोक्याला टॉवेल बांधून, पिठाच्या वाट्या घेऊन उंबऱ्यांवर उभ्या होत्या. आणि गल्लीत मधोमध, अगदी शेवटपर्यंत, लांबट कोलमं. ऐन मार्गळीत, दोरीच्या मापाची. दोन्ही बाजूंना नुकत्याच झाडलेल्या, पाणी शिंपडलेल्या दोन पट्ट्या.

"उतर," रेवा यशला म्हणाली, "आणि बोलू नकोस." मग तिनं मान वळवली आणि गाडी सोडली. एक घर. थांबली. दुसरं घर. पुन्हा थांबली. कुणी घाई केली नाही, कुणी हात हलवून सांगितलं नाही. एका म्हातारीनं फक्त "मेदुवा, मेदुवा" म्हटलं, सावकाश, सावकाश. घामानं रेवाची पाठ भिजली. रावांच्या दाराशी गल्ली हातभर जास्त रुंद होते, तिथं पोचल्यावर तिनं इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

राव ओट्यावरून उतरले. त्यांना कडेचं दिसत नव्हतं, म्हणून ते खाली बसले आणि टायरवरून अंगठा फिरवला. एक टायर, मग दुसरा, मग पलीकडून जाऊन उरलेले दोन. अंगठा डोळ्यांसमोर धरून पाहिला. मग आत जाऊन तो बायकोपुढं धरला. त्यावर रस्त्याची काळी माती होती. पिठाचा पांढरा कण नव्हता.

सईबाईंनी तो अंगठा निरखून पाहिला. नेसायची पातळं कपाटात होती, इडल्या केल्याच नव्हत्या, केस विंचरायचे होते. त्यांनी रेवावर भरवसा ठेवला नव्हता, हे त्यांच्या अंगावरच्या घरच्या चुरगळलेल्या पातळावरून कळत होतं. बायकांना निरोप रावांनी दिला होता.

"अय्यो, मी तयारसुद्धा नाही," सईबाई म्हणाल्या, आणि तशाच, केस मोकळे, रावांच्या खांद्यावर हात ठेवून गाडीकडे निघाल्या.