‘कशावरून?’ विचारणाऱ्या वसुधा मॅडम

“सगळ्याच सुखी आहेत, तेजस. म्हणजे आपलं काहीतरी चुकलंय.”

चहाचा ट्रे घेऊन मी दाराआडच थांबले. पडवीत वसुधा मॅडम आपल्या घडीच्या स्टुलावर बसल्या होत्या, मांडीवर लॅपटॉप. त्यांचा पीएच.डी.चा विद्यार्थी तेजस खाली सतरंजीवर होता. नवरा आखातात नोकरीला आणि बायको गावात, अशी घरं आमच्या बोर्ली पंचतनमध्ये पुष्कळ. या बायकांच्या मनाचा अभ्यास करायला विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागातून ही दोघं आली होती. आमच्या घराची पुढची खोली त्यांनी भाड्याने घेतली होती, आणि बी.ए.ला माझा विषय तोच होता म्हणून मदतीला मला.

प्रश्नावलीत ‘गेल्या महिन्यात तुम्हाला उदास वाटलं का’, ‘एकटं वाटलं का’ अशा तऱ्हेचे प्रश्न होते. झाडून सगळ्या बायकांनी ‘कधीच नाही’वर बोट ठेवलं होतं.

तेजस खुशीत होता. “चांगलंच आहे की, मॅडम. बोर्ली जगातलं सगळ्यात सुखी गाव निघालं.”

“काल नळाला पाणी नव्हतं तेव्हा तू किती सुखी होतास?” मॅडम म्हणाल्या आणि हसल्या. त्यांचं हसणं ऐकू यायचं नाही, फक्त खांदे हलायचे. मला नवल वाटलं ते त्यांच्या चेहऱ्याचं. चूक सापडली म्हणून इतकं खूश झालेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. माझ्या इंग्रजी शाळेत चूक म्हणजे लाल पेन आणि वर्गासमोर उभं राहणं. मी तिथे पहिल्या वर्षीच ठरवून टाकलं होतं की तोंड उघडलंच नाही तर चूक होणार नाही. ती सवय मग अंगवळणीच पडली.

मॅडम मूळच्या जवळच्याच तळा गावच्या. साठीच्या आसपासचं वय, सुती साडी आणि पायांत कॅनव्हासचे बूट. गुडघे वाकत नसत म्हणून ते स्टूल काखोटीला असायचं. घाटातल्या वळणांनी त्यांना मळमळायचं, तरी गाडीत आमसुलं चघळत चघळत त्या आजूबाजूच्यांशी बोलत राहायच्या. आणि कोणी काहीही ठामपणे म्हटलं की त्यांचा एकच प्रश्न यायचा, “कशावरून?”

एकदा हरिहरेश्वरच्या रस्त्यावर रिक्षावाला म्हणाला, “या साली पर्यटक कमी हायत बघा.”

“कशावरून?”

“कशावरून म्हंजे? मी रिकामा बसून हाय ना!”

“तुम्ही रिकामे आहात हे खरं. पण माणसं आलीच नाहीत, की आपापल्या गाड्या घेऊन आली?”

देवळाचा कळस दिसायला लागल्यावर रिक्षावाला म्हणाला, “पार्किंगला जागा तर कधीच न्हाय गावत. तुमचं बी खरं असल.”

“माझं खरं आहे असंही नाही हो. मला माहीत नाही. मोजायला हवं,” मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या वळणावर डुलकी काढू लागल्या.

‘मला माहीत नाही’ हे त्या आज उकडतंय म्हणावं तितक्या सहज म्हणायच्या. ‘काल मी चुकले’ हेही तसंच. एवढं शिकलेलं माणूस असं बोलताना ऐकलं की सुरुवातीला मलाच त्यांच्या वतीने लाज वाटायची. नंतर हेवा वाटायला लागला.

त्या ‘कधीच नाही’चं कारण मला माहीत होतं. दोन दिवस मी ते पोटात ठेवलं. तिसऱ्या दिवशी मॅडमनी सरळ विचारलं, “सना, तुला काय वाटतं?”

“मला माहीत नाही.”

“माझं ‘माहीत नाही’ वेगळं आणि तुझं वेगळं. तुझ्या पोटात काहीतरी आहे.”

मग मी सांगितलं. माझे अब्बा कुवेतला होते तेव्हा आमच्याकडे फोन आला की तो हातोहात फिरायचा. दादीपासून माझ्यापर्यंत सगळ्यांनी एकच बोलायचं, सब खैरियत. वादळात घराचे पत्रे उडाले त्या आठवड्यातही आम्ही तेच बोललो. परमुलखात राबणाऱ्या माणसाच्या जिवाला घोर लावायचा नाही, हा रिवाज. आणि बाहेरच्या कुणी विचारलं तर त्याच्यासमोरही रडगाणं गायचं नाही, नाहीतर तिकडच्याच्या कमाईला नजर लागते. आता व्हिडिओ कॉल आले, तर फोन घरातल्या कुठल्या भिंतीकडे धरायचा आणि कुठल्या भिंतीकडे नाही, हे आमच्या इथल्या प्रत्येक बाईला बरोबर माहीत असतं. मी स्वतः अब्बांना आजवर ‘ठीक’शिवाय काही सांगितलेलं नाही. ते गावी परत येऊन, बाजारात हार्डवेअरचं दुकान टाकून बसले तरी तेच चालू आहे.

एवढं सलग मी परक्या माणसापुढे कधीच बोलले नव्हते. वाटलं, आता शाबासकी मिळेल.

“कशावरून?” मॅडम म्हणाल्या.

माझे कान तापले. मी उठून आत जाणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, “बस. तुझ्यावर अविश्वास नाही. तुझ्या घरात असं होतं, एवढं तू पाहिलंस. बाकीच्या घरांतही असंच आहे का, हे कसं शोधायचं ते तूच सांग. तुझ्याइतकं चांगलं ते मला जमणार नाही, तेजसला तर नाहीच.”

“थँक यू, मॅडम,” तेजस सतरंजीवरून म्हणाला.

त्या दुपारी आम्ही जुनी प्रश्नावली बाजूला ठेवली. मी एक प्रश्न सुचवला आणि मॅडमनी त्यावर तासभर माझा छळ केला. हा सासूसमोर विचारायचा का? नाही. बाई हसली तर काय समजायचं? तिला सांगायचंच नसेल तर? शेवटी ठरलं तो प्रश्न असा: मागच्या फोनवर तुम्ही काय सांगितलं नाही?

नवा प्रश्न घेऊन आम्ही पहिल्यांदा जुबेदा खालाकडे गेलो. आधीच्या खेपेला तिने खुर्चीच्या टोकावर बसून सगळ्या प्रश्नांना ‘अल्ला का शुक्र हाय’ म्हणून आम्हाला पाठवून दिलं होतं. या वेळी मी प्रश्न विचारला आणि ती माझ्याकडे बघतच राहिली. मग पदराने तोंड झाकून हसायला लागली.

“अगो, हे इचारायला आलीस होय! थांब, आधी च्याय टाकते. हे उभ्या उभ्या सांगायचं काम न्हाय.”

मुलगा गणितात नापास झाला होता. कुंपणाच्या भांडणात दीर आवाज चढवून बोलला होता. तिच्या पित्ताशयात खडे निघाले होते. नवऱ्याला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. चहा दोनदा झाला. निघताना ती म्हणाली, “आता परत इचारायला ये गो, मी अजून अर्धं बी सांगितलं न्हाय.”

घरी येताना मी भारावून म्हणाले, “म्हणजे मॅडम, या सगळ्या आतून दुःखी आहेत.”

“कशावरून? जुबेदाबाई सांगताना कशा दिसत होत्या?”

मी आठवून पाहिलं. खाला दमलेली दिसत होती हे खरं. पण एवढं सगळं एकटीने निभावलं, याची चांगलीच ऐटही होती तिच्या बोलण्यात.

“बघ. आधी आपण त्यांना सुखी म्हणत होतो, आज तू दुःखी म्हणतेस. दोन्हींत घाई आहे. आता आपल्याला पूर्वीपेक्षा कमी माहीत आहे, पण जे आहे ते बरं आहे.” आणि मग एकदम तळ्याच्या बोलीत, “व्हय की न्हाय?”

त्या दिवसांत एकदा रिक्षातून येताना मी त्यांना विचारलं, मी तुमच्या विभागात का यावं? पनवेलला समुपदेशनाचा एका वर्षाचा कोर्स आहे, लगेच शाळेत नोकरी मिळते.

त्यांनी मला पटवण्याचा जराही प्रयत्न केला नाही. “समुपदेशक हवेतच. चांगलं काम आहे, जा तिकडे. आमच्याकडे पहिल्या वर्षी संख्याशास्त्र रडवतं. स्वतःला समजून घ्यायला मुलं येतात, तेही आमच्याकडे फारसं होत नाही. आमच्याकडे एवढंच होतं, की दुसऱ्याच्या मनाबद्दल पटकन बोलायची सवय मोडते.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “तू पनवेलला ज्या चाचण्या शिकशील ना, त्या कुणीतरी, कुठेतरी, कुणालातरी विचारून बनवल्यात. जुबेदाबाईंना नाही विचारलेलं. ते विचारायला कुणीतरी लागेल. ती तूच असावीस असं माझं म्हणणं नाही.”

पण मला ती व्हायचं होतं. त्या रिक्षात, त्या धुळीत, मला एखादी गोष्ट इतकी हवी आहे हे कळल्यावर मी घाबरूनच गेले.

अडचण अब्बांची होती. मी बी.एड. करावं आणि म्हसळ्याच्या शाळेत लागावं, हे त्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. मी मॅडमना विनवलं, “तुम्ही बोला ना अब्बांशी. तुमचं ऐकतील.”

“ऐकतीलच. घरी आलेल्या पाहुण्याला तुमच्याकडे कोण नाही म्हणतं? माझ्यासमोर हो म्हणतील आणि मी गेले की आठवडाभर घरात कुणी कुणाशी बोलणार नाही. त्यांच्या मनात खरं काय आहे, ते ना मला कळेल ना तुला.” मग हलक्या आवाजात म्हणाल्या, “आणि तुझ्या मनात काय आहे, ते त्यांना कधी कळणार?”

त्या निघाल्या त्या दिवशी अम्मीने सुरमईचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. घाटात मळमळेल म्हणून बेताने जेवणार असं म्हणत मॅडम तिसऱ्या भाकरीपर्यंत पोचल्या. अब्बा मोकळे झाले होते.

“मॅडम, तुम्ही आमच्या सनाला बोलती केली, माशाल्ला. आता शाळेत पोरांसमोर उभी राहील. बी.एड.ला घालतोय या साली. लोकांच्या डोक्यात शिरून काय करायचं, तुम्हीच सांगा! आपल्या गावाजवळ नोकरी, आपलं घर.” मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, “काय सना? ठीक ना?”

तेजसने पाण्याचा पेला उचलला आणि तसाच धरून ठेवला. अम्मी भाकरी वाढता वाढता थांबली. मी मॅडमकडे पाहिलं. त्या मान खाली घालून सुरमईचा काटा काढत होत्या. त्या वर बघणार नव्हत्या, हे मला कळत होतं. मला सोडून दिल्यासारखं वाटलं, आणि त्याच क्षणी असंही वाटलं की इतका विश्वास माझ्यावर आजवर कुणी टाकलेला नाही.

अब्बा अजून माझ्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा हसरा होता. त्यांना उत्तर ठाऊक होतं.

“नाही, अब्बा,” मी म्हणाले. “मला बी.एड. करायचं नाही. मला मॅडमच्या विभागात शिकायचंय. तिथे मला जमेल की नाही, मला माहीत नाही, आणि मला खूप भीती वाटतेय. पण मला जायचंय.”