टोपण, तार आणि अकराचा चहा

डॉक्टरीणबाईंनी टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. एक प्लॅस्टरचा जबडा, त्याच्या दातादातावर धातूची टिकली चिकटवलेली आणि सगळ्या टिकल्यांतून तार ओवलेली. दुसरं एक पारदर्शक टोपण. दातांवर चढवायचं आणि चढवलं तरी समोरच्याला पत्ता लागत नाही, असं.

"ताई, दोन्हीला दीडेक वर्ष धरा. टोपण जरा महाग पडेल. काय करायचं सांगा."

त्यांचं बोलणं संपायच्या आत मी टोपणाकडं बोट केलं. त्रेचाळीस वर्षांच्या बाईनं तोंडात तार घालून बारामतीच्या स्टँडवर उभं राहायचं म्हणजे काय! कॉलेजच्या पोरींना आठवडाभर पुरलं असतं.

"पण नीट ऐकून घ्या," त्या म्हणाल्या. "दिवसाचे बावीस तास तोंडात पाहिजे. जेवताना काढायचं, चहाला काढायचं, दात घासायचे, मगच परत घालायचं. चहा किती वेळा होतो?"

"दोनदा."

धडधडीत खोटं. सकाळी घरी एक आणि मग कामावर पाच, कधी सहासुद्धा. पण खरं सांगितलं तर ही बाई मला तारच लावणार, हे मला दिसत होतं. म्हणून दोनदा.

माझे वरचे दात पुढं आहेत. थोडेथोडके नाहीत, चांगले पुढं. इंदापूरला घरी होते तोवर मला बघायला माणसं यायची. मी पोहे घेऊन जायचे आणि आई आदल्या रात्री बजावायची, "तोंड मिटून हसायचं." मिटून हसायचं म्हणजे कसं, हे तिनं कधी दाखवलं नाही. मग मी हसायचंच सोडलं. आलंच हसू तर हात तोंडावर. माणसं पोहे खाऊन जायची, निरोप यायचा की पत्रिका जुळत नाही. पत्रिका कुणी मागितलेलीसुद्धा नसायची! पुढं भावाचं लग्न झालं, घर भरलं, आणि आई नि मी बारामतीत दोन खोल्या घेऊन राहिलो. दोन वर्षांपूर्वी आई गेली. दहाव्याला लावायला फोटो शोधत होते, तेव्हा कळलं की तिच्याबरोबरच्या माझ्या एकूण एक फोटोत माझा हात माझ्या तोंडावर आहे. एकातही माझं तोंड नाही. त्या दिवशी स्वतःचा असा संताप आला, की मनाशी ठरवलं, हे दात आता सरळ करायचेच. कुणासाठी म्हणून नाही. आणि म्हणूनच कुणाला कळायलाही नको.

मी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. भवानीनगरच्या अलीकडं, रस्त्याला लागून. शेतकरी पिशवीतून माती आणतात. आम्ही ती वाळवायची, चाळायची, तपासायची आणि कशात काय कमी आहे ते कागदावर लिहून द्यायचं. आम्ही तिघंच. साहेब, मी आणि झाडलोट, चहापाणी बघणाऱ्या काकू. आमच्याकडं एक रीत पडून गेलीय, कुणी पाडली ठाऊक नाही. शेतकरी एका हातात मातीची पिशवी आणतो आणि दुसऱ्या हातात दुधाची बाटली. स्वतःच्या गोठ्यातलं दूध. ती बाटली काकूंच्या हातात द्यायची, काकूंनी त्याच दुधाचा चहा टाकायचा आणि सगळ्यांनी व्हरांड्यातल्या कट्ट्यावर बसून तो प्यायचा. ज्याचं दूध त्याच्या समोर. अकराचा चहा तर ठरलेलाच. त्यात उसाची तोड येते, कारखान्याच्या गप्पा येतात, कुणाच्या सुनेला जुळं झालं ते येतं. साहेब बशीत ओतून भुरके मारतात आणि काकू त्यांना म्हणतात, "सायेब, जरा हळू, भिगवणपातूर आवाज जातोय."

संध्याकाळी सहाला मी एसटीत बसते. कंडक्टरला "बारामती" म्हटलं की त्या दिवसाचं माझं बोलणं संपतं. दुसऱ्या दिवशी कामावर पोचेपर्यंत मी कुणाशी एक अक्षर बोलत नाही. सरळच सांगते, मला फार एकटं वाटतं. टीव्ही लावते तो आवाजासाठी. भाकरी एकीला किती थापायची, याचा अंदाज मला अजून येत नाही. तेव्हा अकराचा चहा म्हणजे माझ्यासाठी नुसता चहा नव्हता. दिवसभरात मी माणसात असायचे तो तेवढाच वेळ. हे सगळं मला आधीच माहीत होतं, असं आता वाटतं. पण टोपणाकडं बोट करताना त्यातलं काहीही डोक्यात नव्हतं.

टोपण घातल्यावर पहिल्या संध्याकाळी घरी बोलून बघितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, सुरुवातीला जीभ अडखळेल. मी आईच्या फोटोसमोर उभी राहून म्हणाले, "जेवायला काय करू?" अडखळली खरी. पण ते सांगायला दुसरं कोण होतं? टोपण काढलं, जेवले, दात घासले, टोपण घातलं. घरात काहीच अडचण नाही. एकट्या बाईसाठीच कुणीतरी काढलंय हे, असं वाटलं.

अडचण दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आली. काकू कप घेऊन दारात.

"आज नको काकू. पित्त झालंय."

टोपण काढायचं म्हणजे तोंडात बोट घालून ओढायचं, त्याला लाळेची तार लागते. मग नळावर जाऊन दात घासायचे, आणि नळ नेमका कट्ट्यासमोर, चार शेतकऱ्यांच्या डोळ्यांदेखत. ते कोण करणार? पित्त तीन दिवस चाललं. मग उपास आला. मग गोडाचं बंद केलंय आलं. काकूंनी बिनसाखरेचा करून आणला. तोही नको म्हटल्यावर त्या कप हातात धरून जराशा थांबल्या.

"आमच्या हातचा च्या आता ग्वाड लागंना व्हय, ताई?"

"तसं नाही हो."

"मग कसं?"

काय सांगणार? खरं सांगायचं तर दातांचा विषय निघाला असता, आणि तो निघू नये म्हणून मी पंचवीस वर्षं तोंडावर हात धरून काढली होती. आमच्या भागात दोन घरांचं बिनसलं की सगळ्यात आधी चहा बंद होतो. बांधाचं भांडण मागून येतं. काकूंना हे माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि तरी मी मान खाली घालून माती चाळत बसले.

मग काकू दारात यायच्या बंद झाल्या. बाहेर कप वाजायचे, साहेबांचा भुरका ऐकू यायचा, कुणीतरी हसायचं, आणि मी आत. तीन-चार दिवस वाट बघितली. कुणी हाक मारीना. मग माझंही डोकं फिरलं. नाही ना बोलवत, नका बोलवू! मी काय वाटेवर पडलेय? उठले आणि कट्ट्याच्या बाजूची खिडकी धाडकन लावून घेतली. धूळ येते मातीत, असं साहेबांना सांगितलं. त्या दिवसापासून ती रोज अकराला दहा कमी असताना मी लावायचे आणि चहा आटोपला की उघडायचे.

असे दोन महिने गेले. टोपणं बदलत गेली, दात थोडे हललेही. डॉक्टरीणबाईंनी आरसा हातात दिला, "बघा, फरक पडतोय." मी बघितलं. पडत होता. पण आनंद व्हायला हवा तेवढा होईना, आणि तो का होईना हेही मला कळत होतं. आता कामावरही माझं बोलणं संपलं होतं.

मग अंथुर्ण्याचे एक तात्या आले. सत्तरीचे, पांढरं धोतर, त्यांची डाळिंब लावायची तयारी चाललेली. माती आधीच देऊन गेले होते, आता रिपोर्ट घ्यायला आले होते. दुधाची बाटली काकूंना दिली आणि माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"म्याडम, तेवढा माझ्या दुधाचा च्या घ्यावा."

"नको तात्या, मी घेत नाही."

त्यांचा चेहरा एकदम उतरला. हातातली टोपी काढली, परत घातली.

"म्हंजी माझीबी माती गेली म्हणायची."

"काय?"

"समदी म्हंत्यात की. ज्याचा रिपोर्ट वंगाळ, त्याचा च्या म्याडम घेत न्हाईत. मागल्या बाजारला दोघं म्हणलं मला. खरं सांगा, खारवाट निघाली न्हवं? सुनंला म्हणलं व्हतं, म्याडमनी च्या घेतला की रोपं सांगून येतो."

मला हसावं की डोकं आपटावं, कळेना. दोन महिन्यांत मी कुणाचाच चहा घेतला नव्हता. म्हणजे दोन महिने आख्खा तालुका आपली जमीन गेली असं समजून घरी जात होता की काय! तात्यांचा रिपोर्ट माझ्यासमोर होता आणि चांगला होता, डाळिंबाला अगदी झकास. मी तो त्यांच्या पुढं केला. त्यांनी बघितलासुद्धा नाही. कागदाचं काय, असा चेहरा. ते माझ्या तोंडाकडं बघत होते.

"काकू," मी ओरडले, "तात्यांच्या दुधाचा एक कप इकडं आणा."

भिंतीकडं तोंड केलं, टोपण काढलं, कागदात गुंडाळून टेबलाच्या कडेला ठेवलं आणि चहा प्यायले. दोन महिन्यांनी. जीभ भाजली तरी थांबले नाही. तात्यांनी तिथल्या तिथं फोन लावून सुनेला सांगितलं, "घेतला गं, घेतला!" काकूंनी टेबल पुसलं, कप उचलला, कागद उचलला आणि कचऱ्याबरोबर मागं नेऊन पेटवून दिला. मला कळलं तेव्हा मागच्या अंगणात प्लॅस्टिक जळाल्याचा वास सुटला होता. काकूंचा राग आला नाही. चुरगळलेला कागद टेबल पुसताना उचलायचाच असतो, त्यांचं काय चुकलं?

दवाखान्यात सगळं ऐकून डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "हरकत नाही. आधीचं टोपण काही दिवस घाला, तोवर नवीन मागवू."

"नको. तार लावा."

"अहो, तुम्हालाच दिसायला नको होतं."

"दिसू दे. तारेवर चहा चालतो ना?"

"चालतो. पण दात घासायचा कंटाळा करायचा नाही. दोनदाच घेता ना?"

"सहा," मी म्हणाले. "आणि मी तेव्हा खोटं बोलले होते."

तार लावायला बराच वेळ गेला. रात्री ओठ आतून सोलवटले, भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. असं काही दुखलं की आई हळद घालून दूध द्यायची. ते आठवलं आणि बराच वेळ आठवत राहिलं. आरशात बघितलं तर दात होते त्यापेक्षा पुढं दिसत होते. सकाळी एसटीत तोंड मिटून बसले. प्रयोगशाळा येईपर्यंत दोनदा वाटलं, मधेच उतरावं आणि परत जावं.

अकराला खिडकी लावली नाही. उठले आणि कट्ट्यावर जाऊन बसले. साहेब, काकू, दोन शेतकरी. बोलायचं तर तोंड उघडायला लागणार. उघडलं.

"काकू, मला चहा द्या."

काकूंनी बघितलं, वाकून परत बघितलं. "आगं बया! हे काय घालून आलाय तोंडात?"

मग सांगितलं सगळं. दात, टोपण, नळ, पित्त, उपास, जळालेला कागद. साहेबांना ठसका लागला. काकूंनी कपाळावर हात मारला.

"येवढंच व्हतं व्हय? आवं मग सांगायचं की! मला वाटलं, माजं काय चुकलं. घरी जाऊन इचार करायची."

"तुम्ही मला बोलवायचं बंद केलंत," मी म्हणाले. आवाज चढलाच माझा.

"तुमी खिडकी लावली. लावलेल्या खिडकीवर कसं जायाचं? पर कप भरत व्हते की मी."

"कुठला कप?"

"तुमचा. रोज भरायची आन् हितं ठेवायची." त्यांनी कट्ट्याची कड दाखवली. खिडकीच्या बरोबर खाली. "म्हणायची, आत्ता उठतील. मग गार झाला की मीच प्यायची. तुमच्या वाटणीचा, वतून कसा द्यायचा?"

साहेब बशीकडं बघत राहिले. मग त्यांनी हळूच मान हलवली, म्हणजे खरं होतं.

काकूंनी कप माझ्या हातात दिला. मला रडू फुटलं, चांगलं मोठ्यानं. सवयीनं हात वर गेला, पण डोळ्यांकडं गेला. तोंड तसंच उघडं राहिलं, तारेसकट, सगळ्यांच्या समोर.