सात, अकरा, तेरा आणि मंगळसूत्र

मी तीस वर्षं गणित शिकवलं आणि मुलाच्या लग्नाच्या दिवशी मला स्वतःच्या घरातला लॉकर उघडता आला नाही.

कार्यालय बिडकीन रोडला, मुहूर्त साडेबाराचा, आणि सुनेच्या गळ्यात घालायचं मंगळसूत्र गारखेड्याच्या घरी लॉकरमध्येच राहिलेलं! कन्नडला राहणारी माझी धाकटी बहीण विमल आणि मी गाडी पळवत घरी आलो.

लॉकरला सहा आकडी नंबर. जन्मतारीख चोरसुद्धा ओळखतो, म्हणून विकत आणला त्याच दिवशी मी खास संख्या निवडली होती. सातने, अकराने, तेराने आणि नऊने भाग जाणारी, शिवाय उलटी वाचली तरी तीच! (संख्या पाठ करू नये, तिचे गुण पाठ करावेत, हे मी वर्गात ओरडून सांगायचो.) तर गुण सगळे आठवत होते. संख्या तेवढी आठवेना!

"दादा, वहिनीला फोन लाव की."

"तिला काय कळतंय त्यातलं? सात, अकरा, तेराने भाग जाणारी सहा आकडी संख्या म्हणजे तीन आकडे दोनदा लिहायचे. त्यात बाकीच्या अटी लावल्या की दहाच उरतात!"

"अन् त्यातला खरा कोणचा?"

"ते लॉकर सांगेल."

१७११७१. २५२२५२. ३३३३३३. लॉकरनं सांगितलं! कर्कश शिट्टी मारली आणि पाच मिनिटं बंद पडला. (तीन चुकांना ही शिक्षा. मीसुद्धा एवढा कडक नव्हतो.) पुन्हा तीन, पुन्हा शिट्टी. तेवढ्यात हिचाच फोन.

"अहो, निघालात का?"

"हा काय, निघालोच!"

विमल कपाळाला हात लावून खाली बसली. "तिथं नवरी उभी राहायची येळ झाली अन् तू हितं पाढे म्हणतूस व्हय? लई झालं आता!"

आणखी तीन, तिसरी शिट्टी. दहावी संख्या ९९९९९९. तीही चुकली. बारा वाजून गेले होते. विमलनं माझ्या हातातून फोन हिसकावून हिला लावला.

"वहिनी, ह्ये काय उघडंना बगा!"

"अगं, सहा वेळा एक दाब. यांचा नंबर मी दुसऱ्याच दिवशी बदलला. रोज उघडायचं मला, भागाकार कोण करत बसणार?"

उघडला.

कार्यालयात पोचलो तेव्हा मुहूर्ताला दोन मिनिटं उरली होती. हातात अक्षता घेऊन मी हिच्या शेजारी उभा राहिलो. गाडीत सगळा हिशेब झाला होता, राहवेना.

"अगं, एक लाख अकरा हजार एकशे अकरालाही सात, अकरा, तेराने भाग जातो! उलटी वाचली तरी तीच! ती नऊची अट मी घातली नसती ना, तर १०११०१ नंतर लगेच तीच आली असती, दुसऱ्याच दमात उघडला असता!"

"अक्षता टाका," ही म्हणाली.

आता नंबर पुन्हा बदललाय. हिला ठाऊक आहे, मुलाला आहे, सुनेला आहे, कन्नडला विमललासुद्धा आहे. मला एवढंच सांगितलंय, की त्याला सातने भाग जात नाही.