सेतुरामरावांचा प्रतिवादी

सेतुरामराव गल्लीत शिरले की माणसं मागच्या दाराने पळत, आणि सेतुरामराव त्याचा कधी राग मानत नसत. एकतीस वर्षं ते कुंभकोणमच्या मुन्सफ कोर्टात अमीना होते; अमीना म्हणजे समन्स बजावणारा बेलिफ. समन्स ज्याच्या नावाचं, त्याच्या हातात पडलं पाहिजे, असा कायदा आहे. हात पुढे यावा म्हणून सेतुरामरावांनी एक रीत बसवली होती. दारात जायचं, माणसाकडे पाहायचं नाही, पावसापाण्याचं बोलायचं आणि प्यायला पाणी मागायचं. लोटा घेऊन हात पुढे आला की त्यात कागद ठेवायचा. पाणी ते पीत नसत. वैष्णव घरातला माणूस, परक्या घरचं पाणी कसं प्यावं?

१९५४च्या ज्येष्ठात, निवृत्तीच्या आठवड्यात, ते शेवटचं समन्स घेऊन तिरुनीलक्कुडीला गेले. प्रतिवादी गाव सोडून गेला होता. दोन पंच बोलावून त्यांनी समन्स दाराला डकवलं. परसात एक तांबडं कुत्रं काथ्याच्या दोरीने खांबाला बांधलेलं होतं. किती दिवस, हे पंचांना माहीत नव्हतं. पंचांना सहसा काही माहीत नसतंच. दोरी मानेत रुतून दोन्ही बाजूंनी मांस वर आलं होतं. कुत्रं भुंकलं नाही. भिंतीशी इतकं चिकटलं की भिंतच मागे सरेल, असं वाटावं.

कुत्र्याबद्दल कायद्यात काही लिहिलेलं नव्हतं. सेतुरामरावांनी अडकित्त्याने दोरी कापली, कुत्र्याला गोणपाटात गुंडाळलं आणि बैलगाडीत घातलं. नोकरीत त्यांनी जप्तीची भांडी आणली होती, म्हैस आणली होती, एकदा शिवणयंत्रही आणलं होतं. कुणीही न मागितलेली वस्तू त्यांनी पहिल्यांदाच आणली.

घरच्या गल्लीत गाडी थांबताच कुत्रं गोणपाटातून निसटलं आणि समोरच्या पडक्या गाडीखान्यात जाऊन सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात उभं राहिलं. तिथेच ते राहू लागलं. सेतुरामराव त्याला प्रतिवादी म्हणत. त्यांची बायको वेंकटलक्ष्मी त्याला काहीच म्हणत नसे.

"घरांत यायचं नाही तें," एवढंच तिने पहिल्या दिवशी सांगितलं.

"तें दारांत यायलाही तयार नाही गे."

"मग बरं आहे. दोघांचं एकमत आहे."

घरात रोज वैश्वदेव होई, आणि तो झाला की कुत्र्याचा भाग म्हणून भाताचा एक गोळा अंगणात ठेवायचा, ही घरची जुनी चाल. आजवर तो गोळा कोण खातं, याची चौकशी कुणी केली नव्हती. आता सेतुरामराव तो ठेवून ओसरीवर बसू लागले. ओलं धोतर, उघडं अंग, तोंड दुसरीकडे. कुत्र्याकडे पाहायचं नाही आणि हवापाण्याचं बोलायचं, हे त्यांना येतच होतं.

"भात खाण्यासाठीच ठेवला आहे," ते हवेत बघून म्हणत. "आज रस्समला मिरी जास्त झाली. कावेरीला पाणी आलं म्हणतात."

"एकतीस वर्षांत माझ्याशीं इतकं बोललां नाहींत," आतून वेंकटलक्ष्मी म्हणाली.

"तूं कधी पळून गेली नाहीस."

प्रतिवादी पहिल्या महिन्यात गाडीखान्याच्या खांबापर्यंत आला, दुसऱ्या महिन्यात नारळापर्यंत. चातुर्मास लागला, घरात एक महिना भाजी नाही, एक महिना दही नाही, एक महिना दूध नाही. जे घरात नाही ते कुत्र्यालाही नाही. गल्लीतल्या बऱ्याच गृहस्थांपेक्षा प्रतिवादीने चातुर्मास नीट पाळला.

घोटाळा होता तो एकादशीचा. एकादशीला चूल पेटत नाही, अन्न शिजत नाही आणि कुणाला अन्न देताही येत नाही. दर पंधरवड्याला कुत्रं ठरल्या वेळी ठरल्या जागी येई, रिकाम्या अंगणाकडे बघे आणि सरळ गाडीखान्याचा लांबचा कोपरा गाठी. चौदा दिवसांचं काम एका दिवशी वाहून जाई. सेतुरामराव मठात जाऊन हयग्रीवाचार्यांना विचारून आले.

"आचार्य, कुत्र्याला एकादशी असते कां?"

"नसते. खाणाऱ्याला दोष नाही."

"मग द्यावं?"

"देणाऱ्याला आहे."

त्यांनी एका एकादशीला सदरा घालून, हॉटेलातून दोन इडल्या आणून पाहिल्या. बाहेरचं विकतचं, म्हणजे दिल्यासारखं नव्हे, अशी त्यांची समजूत. सदऱ्यातला माणूस पाहताच प्रतिवादी गाडीखान्याच्या मागच्या भिंतीवरून पार झाला आणि तीन दिवस दिसला नाही. त्याचा विश्वास, जो काही होता तो, ओल्या धोतरावर होता. आत कोण आहे, हे त्याने अजून पाहिलंच नव्हतं.

तरी कार्तिकात कुत्रं अंगणातल्या कोलमच्या, म्हणजे रांगोळीच्या, कडेपर्यंत येऊन, सेतुरामरावांपासून चार हातांवर खाऊ लागलं. त्याच आठवड्यात नगरपालिकेने दवंडी पिटली. गावात पिसाळलेलं कुत्रं चावून दोघं गेले होते. वद्य द्वादशीपासून ज्या कुत्र्याच्या गळ्यात बिल्ला नसेल ते कुत्री धरणाऱ्या गाडीत जाईल. गाडीतून परत येत नसतात, हे दवंडीत सांगावं लागलं नाही.

सेतुरामराव बिल्ला काढायला गेले. कारकुनाचं नाव मणी.

"कुत्र्याचं नाव?" त्याने तमिळमध्ये विचारलं.

"नाव नाही."

"मग मणी लिहितो. या गावातली निम्मी कुत्री माझ्याच नावाची आहेत, सामी. सकाळपासून मीच मला लिहितोय. मालक?"

सेतुरामरावांनी स्वतःकडे बोट दाखवलं. "लिहा."

बिल्ल्याबरोबर कातडी पट्टा मिळाला. सोवळ्यात कातड्याला हात लावता येत नाही, आणि सोवळं सोडलं की कुत्रं जवळ येत नाही. पट्टा हातात धरून ते बराच वेळ परसात उभे राहिले. तेव्हा वेंकटलक्ष्मी आत गेली, आपल्या सोवळ्याच्या जुन्या हिरव्या रेशमी लुगड्याचा काठ टर्रकन फाडला आणि त्यांच्यासमोर धरला.

"रेशमाला विटाळ नाही," ती म्हणाली. "बांधा यानें. मग विहिरीवर जाऊन मुकाट स्नान करा."

"तुझं लुगडं..."

"जुनं होतं. बोलूं नका, बांधा."

दशमीला बांधायचं ठरलं. दशमीला प्रतिवादी कोलम ओलांडून आला. पायरीखाली उभा राहून जेवला आणि जेवताना एकदा त्याची शेपटी हलली, चुकून असेल. बिल्ला ओवलेली रेशमी पट्टी सेतुरामरावांच्या मांडीखाली होती. ती त्यांनी काढली नाही.

"काय झालं?" आतून आवाज आला.

"आज नको. आज तें आपणहून आलं."

"उद्यां एकादशी."

"म्हणूनच. परवां भुकेलेलं असेल. पारणं पहाटेस होतं, गाडी यायच्या आधीं. हातापर्यंत येईल."

हिशेबात चूक नव्हती. द्वादशीला सूर्य वर यायच्या आत सेतुरामरावांनी भात पानावर घेतला, पान तळहातावर ठेवलं आणि हात पुढे केला. दिवसभराच्या उपाशी कुत्र्याने नारळ ओलांडला, कोलम ओलांडला, पायरी चढली. हातातून खाऊ लागलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा ते माणसाचा श्वास लागेल इतकं जवळ होतं. सेतुरामरावांनी दुसरा हात त्याच्या पाठीवर ठेवला. पाठ थरथरली, पण तिथेच राहिली. कातड्याखालची ऊब त्यांना कळली. मग त्यांनी हात मानेकडे नेला आणि पट्टी ओढून गाठ मारली.

गाठ सैल होती. दोन बोटं जातील इतकी. पण ती जुन्या वळावर पडली. कुत्र्याच्या तोंडून निघालेला आवाज ऐकून शेजारची गाय दावं तोडायला लागली. ते चावलं नाही. चावलं असतं तर सेतुरामरावांना बरं वाटलं असतं. ते पायरीवरच मुतलं, पोटावर सरपटत खाली गेलं आणि जाता जाता एकदा मागे वळून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. धोतराकडे नाही, तोंडाकडे.

घटकाभराने गाडी आली. फासेवाल्याने गल्लीच्या टोकाला तांबडं कुत्रं पाहिलं, बिल्ला पाहिला आणि फास खाली केला. काम सरकारी रीतीने पुरं झालं होतं.

त्यानंतर प्रतिवादी गाडीखान्यात आला नाही. अरसलार नदीच्या काठी, पानमळ्यांच्या बाजूला तो दिसे, गळ्यात हिरवी पट्टी. इतर माणसांना पाहून तो पूर्वीसारखाच बाजूला होई. सेतुरामरावांना पाहून मात्र पाण्यात उडी घेई. ते धोतर नेसून गेले, उघड्या अंगाने गेले, तोंड फिरवून बसले, पाऊसपाण्याचं बोलले. पैलतीरावर ओलं कुत्रं वर चढे आणि मळ्यात नाहीसं होई. रेशीम भिजून आवळतं. गाठ सोडायला हवी होती, आणि ती फक्त त्यांनाच सोडायची होती.

"तुम्हीच नका जाऊं," वेंकटलक्ष्मी शेवटी म्हणाली. "तुम्ही आहां तोंवर तें यायचं नाही. भाग मी ठेवतें. तुम्ही आंत बसा."

बायकांनी तो भाग ठेवावा असं शास्त्रात नाही. दोघांपैकी कुणीही हयग्रीवाचार्यांना विचारायला गेलं नाही. सेतुरामराव वैश्वदेव करून देवघराच्या मागच्या खोलीत जात, दार ओढून घेत आणि अंगणातून काही दिसू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून बसत. ती भाताचा गोळा ठेवी आणि ओसरीच्या खांबाशी उभी राही. गाडीखाना रिकामा असे. कधी शेजारची बकरी येऊन भात खाई. बकरीला ती हाकलत नसे.

मग ती आत येऊन सांगे, "खाल्लं."

"कोठवर आलं?"

"कोलमपर्यंत."

"पट्टी आवळली आहे कां?"

"सैल दिसली."

एकतीस वर्षं सेतुरामरावांनी 'ते घरी नाहीत' हे दारात उभं राहून ऐकलं होतं आणि त्यावर कधी विश्वास ठेवला नव्हता. ते भिंतीकडून तोंड न फिरवता म्हणाले, "बरं. उद्यां मिरी कमी घाल."

"घालतें," ती म्हणाली, आणि दार पुन्हा ओढून घेतलं.