जिनच्या सुरात लावलेली गिटार

बाळांनो, लहानपणी माझ्याकडून ऐकलेली धून तुम्ही तिकडे गिटारवर वाजवून पाठवलीत, ती ऐकली. बोटं बरोबर पडतात, पण तारा वेगळ्या लावल्या आहेत, त्यामुळे ती माझी धून राहिली नाही. माझी बोटं आता वळत नाहीत, वाजवून दाखवता येणार नाही. म्हणून लिहून ठेवते.

राज्यांची फेररचना झाली तेव्हा तुमचे आजोबा आदिलाबादच्या तहसील कचेरीत कारकून होते. मराठी जाणणाऱ्या काही लोकांना मराठवाड्यात पाठवलं, त्यांत तेही गेले. सासूबाई जवळच्या तलमडुगु गावचं शेत सोडून यायला तयार नव्हत्या, म्हणून मी त्यांच्यापाशी राहिले. घरात आम्ही दोघीच. मी सिकंदराबादच्या इंग्रजी शाळेतली, गिटार तिथंच शिकलेली. आमच्यात स्वयंपाकापलीकडे फार बोलणं होत नसे.

त्या हिवाळ्यात गिटारची सर्वांत बारीक तार तुटली. इथल्या बाजारात तसली तार कुठून मिळणार? घरामागे कापसातली सरकी काढायची जिन होती. हंगामात तिची घरघर दिवसभर एकाच सुरात चाले. एका दुपारी उरलेल्या पाच तारा लावायला बसले, तर एकही त्या घरघरीशी जुळेना. कंटाळून जाड तारेची खुंटी सैल करत गेले. तार पडद्यांवर झणझणली, आणखी उतरली, आणि एका जागी जिनच्या आवाजात मिसळून गेली. मग बाकीच्या तिच्याभोवती लावल्या: सा, प, सा, प, सा. नुसता हात फिरवला तरी घर रिकामं वाटत नसे.

धून रोज थोडी पुढे सरकायची. तुमचे आजोबा रजेवर आले की त्यांना ऐकवायची, एवढंच मनात होतं. पत्रातून ती पाठवता येत नव्हती. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, सुनेनं घरात आणखी एक जिन घातली म्हणून.

ते आले उन्हाळ्यात. हंगाम संपून जिन बंद पडलेली. मी वाजवायला लागले आणि माझ्याच कानाला ती पोकळ लागली.

थोडं ऐकून ते म्हणाले, "तारा उतरल्यात गं. आधी नीट लावून घे."

माझा हात खुंटीकडे गेला. सासूबाई उंबऱ्याशी चिंचा फोडत बसल्या होत्या.

"काऊन बदलून राह्यली, बाई?" त्या म्हणाल्या. "जिन चालू पाह्यजे होती, मंग समजलं असतं त्याले."

आणि मान खाली घालूनच, चिंचा फोडता फोडता, त्यांनी जिनचा तो सूर घशात धरला. मी धून शेवटपर्यंत वाजवली.

आजोबांनी सगळी ऐकली. रजा संपली, ते गेले. पुढे जिन सुरू झाली तेव्हा धून पुन्हा भरून आली, पण ऐकायला ते नव्हते. पुढच्या रजाही उन्हाळ्यातच मिळत गेल्या.

आता दोघंही नाहीत. जिनच्या जागी दुकानं आहेत. नंतर हैदराबादेहून बारीक तार आली, मी ती बसवली नाही. तुम्हीही तुमच्या गिटारची ती तार काढून ठेवा. गिटार माझ्या खोलीत आहे, पाच तारांची, त्याच सुरात लावलेली.