काढ्यातली चौथी वस्तू

छापखान्याच्या मागच्या खोलीत छापील फर्म्यांना, म्हणजे अनेक पाने छापलेल्या मोठ्या तावांना, घड्या पडतात, ते शिवले जातात, पुठ्ठ्यात बसतात आणि त्यांचे पुस्तक होते. त्या खोलीतल्या वयस्कर बांधणीकरांना सगळे वैद्यबुवा म्हणत. ही पदवी अर्धी थट्टेची होती आणि अर्धी कृतज्ञतेची. जिथे दिवसभर कागद कापला जातो तिथे हवेत बारीक भुकटी तरंगत राहते, खळीच्या आंबूस वासाबरोबर घशाला चिकटते, आणि खोकला हा त्या जागेतला एक कायमचा कामगार होऊन बसतो. वैद्यबुवांच्या काढ्याने तो निदान दुपारपुरता रजेवर जाई. कोणी घसा खाकरला की ते हातातली सुई फर्म्यात तशीच टोचून ठेवत आणि खिडकीतल्या बाटलीकडे मानेने खूण करत.

"यात घालता तरी काय हो?" मुद्रितशोधक बाई दर खेपेला विचारत.

"आलं, मिरी, लवंग."

"आणि?"

"आणि प्रेम."

"प्रेम इतकं गोड असतं होय? आमच्या वाट्याला दुसरंच काहीतरी आलेलं दिसतंय मग."

गोडी ज्येष्ठमधाची होती. काढा मूळचा बांधणीकरांच्या आईचा, आणि तो शिकवताना तिने बजावले होते, की ही चौथी वस्तू कोणाला सांगायची नाही. सांगितली की गुण जातो. बांधणीकर भाबडे नव्हते. असल्या समजुतींवर त्यांचा विश्वास होता असे म्हणवत नाही. पण गुपित फार काळ सांभाळले की सांभाळण्याचे कारण विसरले जाते आणि सांभाळणेच उरते. शिवाय ज्या पुस्तकांना त्यांनी पाठ दिली, कोपरे दिले, त्यांतल्या एकावरही त्यांचा उल्लेख नव्हता. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी वस्तू जगात एकच होती, आणि ती बाटलीत होती.

बांधणीकरांच्या मुलीचे लग्न झाले तेव्हा तिची आई हयात नव्हती. माहेर म्हणजे एकटे बाबा. सासरी सासूबाई करारी. आयुष्यभर शिवणाचे वर्ग चालवल्यामुळे वाकडी टीप त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसे, मग ती कापडावरची असो की माणसातली. व्याह्यांच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा उशीचा अभ्रा उलटा करून पाहत त्यांनी विचारले होते, "तुमच्याकडे दोरे असेच सोडतात का?" त्या दिवसापासून मुलीच्या माहेरातले काहीही त्यांच्या पसंतीला उतरले नव्हते. मग एकदा त्यांना खोकला धरला. मुलीने माहेरची बाटली नेली आणि आठवड्याभरात सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या माहेरचं हे एक मात्र जमलंय हो."

मुलीने ते वाक्य, त्यातल्या 'हो'सकट, फोनवर बाबांना ऐकवले. त्या कौतुकाने ते हरभऱ्याच्या झाडावर चढले म्हणायला हरकत नाही. पुढच्या बाटलीत ज्येष्ठमध वाढले. गोड आवडते तर गोड होऊ दे. आटवायचे तर आणखी थोडे आटवू. खोकला कधीच गेला होता, पण काढा राहिला. विहीणबाई तो सकाळ-संध्याकाळ पेलाभर पीत, आणि बाटली तळाला गेली की नवी येई. एका घरातून दुसऱ्या घरात एवढ्या मानाने जाणारी तीच एक गोष्ट होती.

एका सकाळी विहीणबाई शिलाई मशीनवरून उठायला गेल्या आणि पायांनी त्यांना उचललेच नाही. गोळ्या नियमित असूनही रक्तदाब चढलेला. रुग्णालयात दाखल केल्यावर रक्तातले पोटॅशियम फार खाली गेल्याचे दिसले. हृदयाचे ठोकेही मधूनच चुकत होते. कारण मात्र सापडेना.

बांधणीकर भेटायला गेले ते पिशवीत ताजी बाटली घेऊनच. आत डॉक्टर मुलीला आणि जावयाला पुन्हा तेच प्रश्न विचारत होत्या. त्या वयाने लहान, पण घाई न करणाऱ्या.

"या गोळ्यांशिवाय आणखी काही घेता?"

"मी? मी काहीबाही घेणारी बाई नाही," विहीणबाई पडल्या पडल्या म्हणाल्या.

त्या खोटे बोलत नव्हत्या. त्या घरात गोळ्या 'घेत' आणि काढा 'पीत'. औषध दुकानातून येते, त्याला कागद असतो, तारीख असते. जे सुनेच्या माहेरून येते ते औषध कसे असेल? आपल्या बोलण्यात 'घरचंच आहे' हे शब्द इतक्या सहजपणे सगळ्या चौकशीला पूर्णविराम देतात, की चौकशी करायची राहिली हेही कोणाच्या लक्षात येत नाही.

डॉक्टर दाराकडे वळल्या, थांबल्या. "ज्येष्ठमध वगैरे? चघळायला, चहात, कशातही?"

"छे," मुलगी लगेच म्हणाली. "स्वयंपाकघर मी बघते. आमच्याकडे ज्येष्ठमध येतच नाही."

तिच्या आवाजात घरातला डबा न् डबा ठाऊक असलेल्या बाईची खात्री होती. त्या खोलीत तिचे म्हणणे चूक आहे हे एकाच माणसाला माहीत होते, आणि तो माणूस दाराशी पिशवी धरून उभा होता.

गप्प राहणे अवघड नव्हते. बाटली तशीच परत न्यायची, पुढची पाठवायची नाही. दुखणे कदाचित आपोआप उतरले असते आणि कोणाला पत्ता लागला नसता. बोलले तर सासरी आयुष्यभर ऐकून घ्यावे लागणार होते ते मुलीला. पेला तिने भरला होता, सासूच्या हातात तिने दिला होता. डॉक्टरांनी पेन काढले आणि जावयाला म्हणाल्या, "मग रक्तदाबाची गोळी वाढवू या, आणि मूत्रपिंडाच्या आणखी तपासण्या करू."

"येतं," बांधणीकर म्हणाले. "ज्येष्ठमध येतं. माझ्याकडून येतं."

बाटली त्यांनी पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवली.

"किती असतं यात?" डॉक्टरांनी विचारले.

"मूठभर... हल्ली मुठीपेक्षा जास्त."

"आणि किती पाण्याला?"

त्यांना सांगता येईना. पुठ्ठा सुताभरही कमी-जास्त होऊ न देणाऱ्या या माणसाने ज्येष्ठमध कधी मोजून घातले नव्हते. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितले: ज्येष्ठमध फार दिवस पोटात जात राहिले की शरीरात मीठ आणि पाणी साठते, रक्तदाब चढतो, पोटॅशियम निघून जाते; यांची लघवीची गोळी ते आधीच बाहेर काढत होती, त्यात ही भर. "एखाद्या वेळी तुकडा चघळणं वेगळं आणि असं रोज आटवून पिणं वेगळं, काका. आणि आम्हाला कळलंच नाही, तर आम्ही भलत्याच गोष्टीवर उपचार करत बसतो."

पलंगावरून आवाज आला.

"म्हणजे व्याही, मी एकदा चांगलं म्हटलं आणि त्याची ही शिक्षा?"

"चूक माझी आहे, विहीणबाई. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं."

"ते दिसतंय. तिचं तोंड बघा की कसं झालंय." मग सुनेकडे वळून, "उभी काय राहिलीस? पाणी दे. साधं पाणी दे, माहेरचं नको."

जावयाला हसू आले. मुलीला आले नाही. जिन्यापाशी ती वडिलांना म्हणाली, "मी छातीठोकपणे 'नाही' म्हणाले, बाबा. तुम्ही मला तरी सांगायचं होतंत."

"सांगितलं की गुण जातो, असं आई म्हणायची."

"जाऊ द्यायचा होता. मी रोज स्वतःच्या हातांनी काय देत होते, ते मला माहीत नको?"

बांधणीकर जिना उतरले.

विहीणबाईंच्या पायांत हळूहळू जोर आला. त्या घरी परतल्या त्याच्या आधीच बांधणीकरांनी छापखान्यात सगळ्यांना मागच्या खोलीत बोलावून चौथी वस्तू सांगून टाकली. कोणाला रक्तदाब आहे, कोणाच्या हृदयाच्या गोळ्या चालू आहेत, कोणाच्या घरी गरोदर बाई आहे, हे एकेकाला विचारले. छपाईवाले हसले. "वैद्यबुवांनी दुकान बंद केलं वाटतं," एक म्हणाला. मुद्रितशोधक बाई हसल्या नाहीत.

"मी एक बाटली मावशीकडे नेली होती," त्या म्हणाल्या. "मावशीने कृती विचारली, मी आलं-मिरी-लवंग सांगितलं. गोडी कशाची ते तिनेच चवीवरून ओळखलं. आता ती करते, आणि शेजारणीलाही देते. शेजारणीच्या यजमानांना बरं वाटतंय म्हणे."

"त्यांना काय होतंय?"

"ते नाही माहीत."

गुपित कधीच फुटले होते, आणि तरी काढ्याचा गुण गेला नव्हता. त्याचा बाधणारा गुणही गेला नव्हता. बाईंनी मावशीकडून नंबर मिळवला, आणि बांधणीकरांनी खळीचे हात पुसून फोन लावला.

"तुम्ही मला ओळखत नाही," ते म्हणाले. "तुमच्याकडे शेजारून एक काढा येतो ना, तो मूळचा माझा."

"अगंबाई! किती छान आहे हो. यांचा खोकला अगदी..."

"ताई, आधी एवढं सांगा, त्यांना गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

"का हो? घरचाच काढा ना तो?"

"घरचाच. पण त्यात ज्येष्ठमध आहे, आणि ते सगळ्यांना चालत नाही."

"थांबा हं, गोळ्यांचा डबाच घेऊन येते," असे पलीकडून ऐकू आले आणि फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला. अनोळखी घरातली खुर्ची सरकली, कपाट उघडले, कोणीतरी आतून विचारले, "कोण आहे गं?" मागे कापणी यंत्र चालू होते. एक हात दुसऱ्या कानावर दाबून बांधणीकर ऐकत उभे राहिले.